भिंतीवरचा कागद

मागच्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. "ताई, तुमच्या भावाला आठ दिवसांत घेऊन जावं लागेल. तपासणीला लोक आले होते. आश्रम बंद करा म्हणतायत." पलीकडून आश्रमाच्या काकी बोलत होत्या, आवाज रडवेला झाला होता. मी नुसतंच "बरं" म्हटलं. आमचे हे विचारत होते, कोणाचा फोन, काय झालं, तर मला धड सांगताही येईना.

माझा भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा आहे. तरी घरात सगळे त्याला अजून 'बाळ'च म्हणतात. तो मतिमंद आहे. कागदावर आता 'बौद्धिक दिव्यांग' असं लिहितात, आईच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'माझं भोळं लेकरू' एवढंच होतं. बाळ स्वतःची अंघोळ करतो, अंगण झाडतो, कपड्यांच्या घड्या तर माझ्यापेक्षा नीट घालतो. पण पैशांचा हिशेब त्याला कळत नाही आणि कोणी ओरडलं तर दोन दोन दिवस जेवत नाही. "माझ्यामागं याचं कोण?" हा आईचा रोजचा प्रश्न. असं मूल ज्या घरात आहे, त्या घरातल्या प्रत्येक आईचा तो असतो.

आई गेली. मी बाळला घरी आणलं. पण घर दोन खोल्यांचं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दोन मुली शिकणाऱ्या. आठ महिने ओढले. मग भिशीतल्या एका मैत्रिणीनं या आश्रमाचं नाव सांगितलं. निवृत्त नवरा-बायको तो चालवत होते. चौदा माणसं राहायची. अंगणात तुळस, लख्ख फरशी, गुरुवारी शिरा. फाटकावरच्या पाटीवर संस्थेचं नाव आणि खाली 'रजि. नं.' लिहून एक आकडा. तो आकडा बघितला आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सरकारमान्य आहे, आता काळजी नाही.

एकच गोष्ट खटकली होती. झोपायच्या खोलीला कडी बाहेरून होती. काकांना विचारलं, तर म्हणाले, "रात्री कोणी उठून रस्त्यावर गेलं तर? आम्ही दोघंच आहोत हो." मी गप्प बसले. गरजू माणूस फार प्रश्न विचारत नाही.

फोननंतर दुसऱ्याच दिवशी मी जिल्ह्याच्या गावी गेले आणि दिव्यांगांच्या कामाचं कार्यालय गाठलं. तावातावानंच म्हटलं, "साहेब, आश्रम रजिस्टर आहे की! पाटीवर नंबर आहे." ते शांतपणे म्हणाले, "ताई, कशाचं रजिस्टर?"

तो नंबर धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा होता. म्हणजे विश्वस्त संस्था आहे, तिचे विश्वस्त अमुक, तिनं हिशेब द्यायचे, एवढंच. माणसं ठेवून घ्यायची परवानगी त्यात कुठेच नव्हती. मला पटेना, तेव्हा त्यांनी साधं उदाहरण दिलं. "दुकानाचा शॉप ॲक्ट असला म्हणून कोणाला औषधं विकता येतात का? त्याला वेगळा परवाना लागतो ना? तसंच हे."

मग त्यांनी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याची चार पानं झेरॉक्स करून दिली. परतीच्या एसटीत ती वाचली. मैत्रिणींनो, कायदा म्हटलं की आपण पानं उलटतो. त्यातही सुरुवातीच्या 'व्याख्या' तर कोणीच वाचत नाही. पण सगळी मेख तिथंच असते. दिव्यांग व्यक्तींना ठेवून घेणं, त्यांची काळजी, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन यांसाठी असलेली जागा म्हणजे 'संस्था', असं तिथं लिहिलंय. किती माणसं, पैसे घेतात की फुकट ठेवतात, याचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही. म्हणजे काका-काकींचा आश्रमही संस्थाच. आणि अशी संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही काढता किंवा चालवता येत नाही. हा नियम नवा नाही, १९९५ च्या आधीच्या कायद्यातही तो होता.

प्रमाणपत्र मागितलं की मिळालं असंही नसतं. ठरवून दिलेल्या सोयी आणि दर्जा असेल तरच ते मिळतं. त्याला मुदत असते, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. नियम मोडले तर ते रद्द होतं आणि तिथल्या माणसांना नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत पाठवता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रमाणपत्राची प्रत संस्थेत ठळक जागी लावलीच पाहिजे. मी आश्रमात तुळस बघितली, फरशी बघितली, शिऱ्याचा वास घेतला. भिंत बघितलीच नाही!

त्याच पानांवर आणखी एक व्याख्या होती, काळजी घेणाऱ्या व्यक्तीची. पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग माणसाची काळजी घेणारी कोणीही व्यक्ती, आईवडील आणि घरचे धरून. ती मी दोनदा वाचली. चाळीस वर्षं आईनं जे केलं त्याला घरात कोणी काम म्हटलं नव्हतं. कायद्यानं निदान त्याला नाव तरी दिलं.

बाळ परत आमच्याकडे आला. मग सुरू झाली शोधाशोध, आणि प्रत्येक दारावर एकेक व्याख्या आडवी आली. एका विशेष शाळेचं वसतिगृह छान होतं, पण ते साधारण अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं. वृद्धाश्रमात विचारलं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानं साठ वर्षं झालेला माणूस ज्येष्ठ, आणि बाळ चव्वेचाळीसचा! लहानांतही नाही, म्हाताऱ्यांतही नाही.

शेवटी एका नात्यातल्या वहिनी म्हणाल्या, "अहो, मग वेड्यांच्या इस्पितळात ठेवा की." त्यांचं मन वाईट नव्हतं, समज चुकीची होती. मतिमंदत्व हा मानसिक आजार नव्हे. मानसिक आरोग्य सेवेचा २०१७ चा कायदा मानसिक आजाराची व्याख्या करताना मतिमंदत्व स्पष्टपणे बाहेर ठेवतो. आजारावर उपचार असतात, आजारी माणूस बरा होऊन घरी येतो. बाळला लागते ती आयुष्यभराची सोबत. त्याच कायद्यात असंही आहे की मनोरुग्णांना ठेवून घेणारी जागा म्हणजे मानसिक आरोग्य आस्थापना, तिची नोंदणी हवी. पण जिथे माणूस आपल्या नातेवाइकांबरोबर राहतो ते घर आस्थापनेत मोडत नाही. घर आणि संस्था यांच्यातली रेघ ही अशी आखलेली असते.

ही रेघ पुसट झाली की काय होतं, ते २००१ साली देशानं बघितलं. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या दर्ग्यापाशी बरं वाटेल या आशेनं लोक मनोरुग्णांना आणून ठेवत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती, पळणार कशी? २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या कायद्यानं तर मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला साफ मनाई केली. हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत होती. बाहेरून लावलेली ती कडी.

काका-काकींची माया खोटी नव्हती. बाळला न्यायला गेले तेव्हा काकींनी त्याला कुशीत घेतलं. काका मात्र चिडले होते. "कागदानं माया होते का हो, ताई?" नाही होत. पण माया किती आहे हे तपासायला कोणी येत नाही. कागद असला की कोणीतरी विचारायला येतं, कडी कुठं आहे, रात्री कोण असतं, आग लागली तर काय कराल. मी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, ते विचारणारं कोणी तरी.

मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही! महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा शस्त्रक्रिया थांबल्या. आजच्या कायद्यात स्पष्ट आहे की दिव्यांग व्यक्तीच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल न होण्यासारखी कुठलीही शस्त्रक्रिया करता येत नाही. २००९ साली चंडीगडच्या नारी निकेतनमधल्या एका मतिमंद मुलीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिच्यावर अत्याचार झाला होता, दिवस राहिले होते. गर्भपात करा, असं खालच्या न्यायालयानं म्हटलं. तिला मूल हवं होतं. गर्भपाताच्या कायद्यातल्या 'मनोरुग्ण' या व्याख्येत मतिमंदत्व येत नाही, म्हणून तिची संमती डावलता येणार नाही, असा निकाल लागला. एका व्याख्येनं त्या मुलीचा शब्द मोजला गेला.

आणि लक्षात घ्या, या दोन्ही जागा सरकारी होत्या. नोंदणीचा नियम सरकारी संस्थांना लागूच नाही. म्हणून कागद बघितला की आपलं काम संपलं, असंही नाही. २०११ साली कळंबोलीच्या आश्रमातल्या मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले, ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. घरच्यांनी जात राहायला हवं, तेही न कळवता.

या धावपळीत आणखी एक धडा मिळाला. नव्या ठिकाणी विचारलं, "पालक कोण?" मी म्हटलं, "मीच की." तर म्हणाले, "कायदेशीर?" अठरा वर्षं पूर्ण झाली की आईसुद्धा आपोआप पालक राहत नाही, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या माणसासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकानं हयगय केली तर त्याला काढताही येतं. हे काम आईनं हयातीत करून ठेवलं असतं, तर माझे चार महिने वाचले असते. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी त्याला अठरावं लागलं की हे हाती घ्यावं, एवढं कळकळीनं सांगते.

अकरा महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यात एक जागा मिळाली. या वेळी मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. नोंदणी कोणत्या कायद्याखाली? कोणत्या प्रकारच्या दिव्यांगांसाठी, कोणत्या वयाच्या? किती जणांना ठेवायची परवानगी आणि प्रत्यक्षात किती? मुदत कधी संपते? रात्री किती माणसं कामावर? कडी आतून की बाहेरून? आजारी पडला तर कुठे नेता? न सांगता आलं तर चालेल का? तिथल्या ताई हसून म्हणाल्या, "पहिल्यांदाच कोणी एवढं विचारतंय." पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. एक महिना बाळला नुसतं राहून बघू दिलं, मगच नाव घातलं.

काका-काकींनी आता रीतसर अर्ज केलाय. झोपायच्या खोलीला दुसरं दार पाडलंय, रात्रीला एक बाई ठेवलीये. तपासणीत सगळं बसलं तर त्यांचा आश्रम पुन्हा उघडेल आणि मला त्याचा आनंदच होईल. अशी माणसं हवीतच, फक्त त्यांच्यावर कोणाची तरी नजर हवी.

नव्या जागी प्रमाणपत्र स्वयंपाकघराच्या दाराशेजारी चौकटीत लावलंय. त्याची मुदत कधी संपते ती तारीख मी घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीये. महिन्यातून एकदा जाते, कधी मंगळवारी, कधी रविवारी, कळवत नाही. बाळ अंगणातून धावत येतो, माझी पिशवी घेतो. त्यात चकल्या आहेत हे त्याला ठाऊक असतं. पण पिशवी उघडायच्या आधी तो मला हाताला धरून आत नेतो आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणतो, "ताई, आधी कागद बघ."

मी बघते. मग आम्ही दोघं चकल्या खातो.