फासे आणि रान, भाग ७ : जखमी गडी परत कसा येतो

गेल्या आठवड्यात आपण लढाईपर्यंत आलो होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते ठरवतो, वीस बाजूंचा फासा पडतो आणि तलवार लागली की हुकली ते कळतं. आता तलवार लागली असं धरू. पात्र रक्तबंबाळ होऊन खाली बसलं. पुढे काय?

नव्या सूत्रधाराला वाटतं, हा प्रश्न मरणाचा आहे. मुंबईत आरेतल्या आमच्या टेबलावर मी सात वर्षं सूत्रधार म्हणून बसतो आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे : हा प्रश्न परत येण्याचा आहे. पडलेला गडी किती दिवसांनी उठतो, कोणाच्या आधाराने उठतो आणि तोवर त्याचा खेळाडू काय करत बसतो, एवढं ठरवलं की जखमेचा नियम तयार झाला.

आधी पुस्तकातले नियम पाहू. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा जखमांचा हिशोब ‘हिट पॉइंट’ या आकड्यात मांडलेला होता. ही कल्पना आपण आरमारी युद्धखेळांतून घेतली, असं अर्नेसनने पुढे सांगितलं आहे. नकाशावरचं जहाज किती गोळे झेलून बुडतं, त्याचा तो आकडा. जहाजाला तो शोभतो. माणसाचं तसं नसतं. मांडीत बाण घुसला की माणूस लंगडतो, खांदा निखळला की ढाल उचलत नाही. खेळात मात्र तीस हिट पॉइंटांपैकी एकच उरलेला योद्धाही पूर्ण ताकदीने वार करत राहतो आणि शून्यावर आला की एकदम कोसळतो. हे गणित शरीराचं नसून जहाजाचं आहे, हे लक्षात आलं की नव्या खेळाडूंचा अर्धा गोंधळ मिटतो.

भरून येण्याचा वेग आवृत्तीगणिक बदलत गेला. 1974च्या पुस्तकात विश्रांतीच्या पहिल्या दिवशी काहीच परत मिळत नसे, आणि मग एक दिवसाआड एक पॉइंट. 2014च्या पाचव्या आवृत्तीत आठ तासांची एक सलग विश्रांती झाली की सगळे पॉइंट जागेवर. शून्यावर पडलेल्याने आपल्या पाळीला फासा टाकायचा. दहा किंवा त्याहून जास्त पडले तर यश. तीन यशं आधी आली तर जीव वाचला, तीन अपयशं आधी आली तर संपलं. ज्यांना हे फार सौम्य वाटतं त्यांच्यासाठी त्याच आवृत्तीच्या सूत्रधाराच्या पुस्तकात दोन पर्याय दिले आहेत. एकात छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची होते. दुसरा पर्याय म्हणजे कायमच्या इजांचा तक्ता. या तक्त्याने मला धडा शिकवला.

आमच्यातल्या एका मुलीने धनुर्धारी पात्र घेतलं होतं. धनुष्य कुठल्या लाकडाचं, प्रत्यंचा कोणी वळून दिली, हे सगळं तिने वहीत पानभर लिहून आणलं होतं. दुसऱ्याच रविवारी तिचं पात्र शून्यावर आलं. मी नुकताच तो तक्ता वाचून भारावलो होतो. तिला फासा टाकायला लावला आणि दोन पडले. तक्त्यात दोन म्हणजे हात गेला. ती काही बोलली नाही. उरलेला सगळा वेळ वहीतलं ते पान खोडरबराने कडेकडेने पुसत बसली. पुढचे दोन रविवार ती आलीच नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाली, “दादा, मी आले तरी तिथे करू काय?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, अंगणातल्या खेळांत मिळालं. आपण सगळेच लहानपणी जखम आणि पुनरागमनाचे नियम खेळलो आहोत. विषामृत आठवा. ज्याच्यावर राज्य असेल त्याने ‘विष’ म्हणून हात लावला की आहे तिथे थिजायचं, आणि सवंगड्याने धावत येऊन ‘अमृत’ म्हणून शिवलं की सुटायचं. थिजलेला मुलगा खेळाबाहेर जात नाही. तो मध्येच उभा राहून ‘मला अमृत दे, मला अमृत दे’ असं ओरडत असतो आणि उरलेल्यांना त्याच्यासाठी जिवावर उदार होऊन धावावं लागतं. गुडघा फुटला तर ‘टाइम प्लीज’. धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’. हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नव्हतं, तरी गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. घरचे नियम म्हणजे दुसरं काय असतं?

कबड्डीने तर या एका प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. संजीवनी पद्धतीत आपल्या संघाने समोरचा गडी मारला की आपला एक बाद गडी जिवंत होतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी उठतो. आज टीव्हीवर दिसते ती हीच. गनिमी पद्धतीत मेलेला गडी उठत नाही. सातही जण बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेरच बसायचं. अमर पद्धतीत गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, फक्त समोरच्यांना गुण मिळतो. म्हणजे सोबत्यांच्या पराक्रमावर परत येणं, परतच न येणं, आणि किंमत मोजून उभं राहणं. टेबलावरचे झाडून सगळे नियम याच तिघांत कुठे ना कुठे बसतात. 1974चा खेळ गनिमीच्या जवळचा, 2014चा बराचसा अमर. माझ्या टेबलाला हवी होती संजीवनी.

मग आम्ही घरचे नियम लिहायला घेतले आणि पहिली मदत भाषेनेच केली. हिट पॉइंट ठेवले, पण शून्यावर आल्यावर काय झालं हे चार शब्दांत ठरतं : ओरखडा, मुका मार, जखम, वर्मी घाव. मराठी माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. सगळ्यात रंगलेला नियम मुक्या माराचा. मुका मार त्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी ठणकतो. म्हणून तो मी फक्त माझ्या वहीत टिपतो, खेळाडूला सांगत नाही. पात्र झोपून उठलं की सांगतो, “कूस वळवता येत नाहीये.” त्या दिवशी त्याच्या प्रत्येक फाशातून दोन वजा. मात्र रात्री कोणी आपण होऊन विचारलं, “तुला कुठे लागलं तर नाही ना? आंबेहळद लावू का?” तर मी वहीतली ती नोंद खोडतो. विचारण्यासाठी फासा टाकावा लागत नाही, फक्त आठवण ठेवावी लागते. हा नियम आल्यापासून लढाई संपल्यावर लुटीची वाटणी करायच्या आधी लोक एकमेकांची विचारपूस करू लागले. माझ्या सात वर्षांतलं सगळ्यात समाधानाचं दृश्य ते आहे.

दुसरा नियम इतिहासातून आला. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांनी लढाईनंतर जखमी लोकांना पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिल्याची नोंद आहे, आणि ती रक्कम जखम पाहून ठरलेली. जखमेची प्रत लावायची, आणि ती शिक्षेसाठी नाही तर सांभाळण्यासाठी लावायची, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आम्ही तो जसाच्या तसा उचलला. आमच्याकडे जितका घाव खोल तितका त्या पात्राचा सामाईक थैलीतला वाटा मोठा. धनुर्धारीचा हात अधू झाला, तर पुढच्या गावात सुतार गाठून पायाने ताणायचं धनुष्य करून घेण्याइतका पैसा तिच्याकडे असतो. इजा राहते, पण तिच्यापुढे वाट असते.

तिसरा नियम आरेचा. आमच्या कथेतलं रान आम्ही मुद्दाम आरेसारखं रचलं आहे, कारण ते आम्हाला पायाखालचं आहे. 1949 साली मुंबईच्या म्हशी शहराबाहेर आणून इथे दुग्धवसाहत वसवली, तबेल्यांना युनिटांचे आकडे पडले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. शहराच्या पोटात असूनही पावसाळ्यात रात्री एखाद्या पाड्यावर कोणाला काही झालं, तर रस्त्यापर्यंत त्याला उचलूनच आणावं लागतं. पुस्तकातल्या नियमांत या उचलून नेण्याला जागाच नाही. मंत्र म्हणायचा, औषधी द्रव प्यायचा, उठायचं.

आमच्यात एक नर्सिंग शिकणारी आहे. कथेत एका पात्राला घोणस चावली तेव्हा तिने मला थांबवलं आणि दवाखान्यात खरोखर काय करतात ते सांगितलं. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचं दोन-तीन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं ती नळी अजिबात न हलवता ठेवायची. मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त गोठलं नसेल, अजून वाहत असेल, तर घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती मोडली आहे आणि प्रतिविष द्यायलाच हवं. तिने हेही बजावलं की कथेतसुद्धा दोरी आवळून बांधणं आणि चिरा देऊन रक्त काढणं ही शहाणपणाची कामं म्हणून दाखवायची नाहीत; चावलेला अवयव न हलवता माणसाला तातडीने दवाखान्यात न्यायचं, एवढंच खरं. मी ते मान्य केलं, आणि सगळ्या सूत्रधारांनी मान्य करावं असं मला वाटतं. टेबलावर ऐकलेली गोष्ट लोक रानात आठवतात.

त्यातून ‘नळीचा नियम’ झाला. विषबाधा झाली की मी फोनवर खरी वीस मिनिटं लावतो आणि फोन टेबलाच्या मधोमध उताणा ठेवतो. फासा नाही, निकाल नाही. पात्र जगेल की नाही हे कोणालाच माहीत नसतं, तरी तेवढ्या वेळात ठरवावं लागतं : झोळी कोणी धरायची, ओढा कुठून ओलांडायचा, पुढे पळत जाऊन वैद्याला जागं कोण करणार. पहिल्यांदा हा नियम लागला तेव्हा बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली होती. मेणबत्तीच्या उजेडात पाच जण हातवारे करत हळू आवाजात वाद घालत होते, आणि ज्याचं पात्र झोळीत होतं तो मुलगा फोनच्या आकड्यांवर नजर लावून बसला होता. वीस मिनिटं झाली. त्याने फासा टाकला तेव्हा त्याच्याआधी बाकीचेच पुढे झुकले.

एक नियम आम्ही मुद्दाम गाळला आहे. आमच्या रानात बिबट्याला हिट पॉइंट नाहीत. त्याच्याशी लढताच येत नाही. तो दिसला तर मागे सरायचं, मुलांना उचलून घ्यायचं, एकमेकांना धरून आवाज करत उभं राहायचं. 2022च्या दिवाळीत पहाटे आरेत बिबट्याने एका चिमुकल्या मुलीचा जीव घेतला. ज्या वस्तीने ते सोसलं तिच्या शेजारी बसून त्या जनावराला मारून गुण मिळवण्याचा खेळ मी मांडणार नाही. आणि जे वारली वाघदेवाला पुजत आले, त्यांच्या देवाला आकडा लावायचा मला अधिकारही नाही.

धनुर्धारी परत आली आहे. तिने हातासाठी नवा जोड घडवून घेतला, आणि मागच्या महिन्यात ती पुन्हा पडली, या वेळी वर्मी घाव. आमच्या हिशोबाने कथेतले सात दिवस अंथरूण. पण जखमी पात्राच्या खेळाडूने रिकामं बसायचं नाही, असा शेवटचा नियम आहे : तोवर तो पाड्यातलं दुसरं माणूस खेळतो. सध्या ती तबेल्यातल्या एका म्हाताऱ्या गवळणीची भूमिका करते आहे, जी धनुर्धारीला रोज दूध आणून देते आणि बाहेरच्या बातम्या सांगते. म्हणजे ती स्वतःच स्वतःची शुश्रूषा करते आहे. चार दिवस झालेत. परवाच्या रविवारी तिने मला हळूच विचारलं, धनुर्धारी उठल्यावरही ही गवळण ठेवता येईल का?

पुढच्या आठवड्यात : पात्र खरोखर मेलं, तर त्याचं सामान कोणाचं?