दूरचित्रवाणीचा कॅमेरामन : कार्य, कौशल्य आणि उत्तरदायित्व

ठाणे जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एखादी दुर्घटना घडली किंवा एखाद्या गावी पाणीपुरवठा योजना कार्यान्वित झाली, की तेथील दृश्य अल्पावधीत राज्यभर घरोघरी पोहोचते. निवेदकाचा चेहरा आपणास परिचित असतो, वार्ताहराचे नावही पडद्यावर झळकते. परंतु ज्याच्या डोळ्यांनी आपण ती घटना पाहिली, तो कॅमेरामन मात्र बहुधा अज्ञातच राहतो. शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा या व्यावसायिकाशी प्रसंगोपात्त संबंध येतो. त्याचे काम कसे चालते व त्यावर कोणती बंधने आहेत, याची माहिती असणे सर्वांच्याच हिताचे आहे.

व्यवसायाची वाटचाल

मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. वरळी येथील केंद्रातून होणारे प्रक्षेपण ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील घरांत दिसू लागले. त्या काळी केंद्राबाहेरचे चित्रीकरण प्रामुख्याने १६ मिलिमीटर फिल्मवर होत असे. फिल्म केंद्रात आणावयाची, धुवावयाची, तिचे संकलन करावयाचे आणि मगच ती दाखवावयाची, असा क्रम होता. चित्रण नीट झाले की नाही, हे फिल्म धुतल्यावरच कळे. त्यामुळे प्रत्येक फूट फिल्म जपून वापरण्याची शिस्त कॅमेरामनच्या अंगी बाणली गेली.

१९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. पुढे फिल्मची जागा चित्रफितीने व चित्रफितीची जागा स्मृतिपत्राने घेतली. १९९९ मध्ये खाजगी मराठी वाहिनी आली आणि २००७ पासून मराठीत चोवीस तास वृत्तवाहिन्यांचे युग अवतरले. पूर्वी प्रक्षेपणासाठी मोठे वाहन न्यावे लागे. आता अनेक सिमकार्डे एकत्र जोडणाऱ्या पाठीवरच्या संचातून थेट चित्र पाठविता येते. साधने हलकी झाली. परंतु विचार करण्यास मिळणारा अवधीही कमी झाला, हे लक्षात घेतले पाहिजे.

कामाचे तीन प्रकार

या व्यवसायात स्थूलमानाने तीन प्रकारची कामे असतात. पहिले, स्टुडिओतील काम. तेथे एकाच वेळी तीन-चार कॅमेरे चालू असतात. दिग्दर्शक नियंत्रण कक्षातून कानावरील यंत्राद्वारे सूचना देतो आणि ज्या कॅमेऱ्याचे चित्र प्रक्षेपित होत असेल त्यावरील तांबडा दिवा लागतो. दुसरे, मालिकांचे काम. ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरील स्टुडिओ व बंगले यांत अनेक मराठी मालिकांचे चित्रीकरण झाले आहे. तेथे प्रकाशयोजना व कॅमेऱ्याच्या हालचाली आधी ठरवून घेता येतात. तिसरे व सर्वांत अनिश्चित काम म्हणजे वृत्तचित्रण. त्यात ना वेळ ठरलेली असते, ना जागा, ना प्रकाश.

रेल्वेची सोय असल्यामुळे या क्षेत्रातील अनेक तंत्रज्ञ ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात राहतात. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. बारा तासांची पाळी व त्यात हा प्रवास मिळविला, म्हणजे घरी विश्रांतीस किती वेळ उरतो याची कल्पना यावी. मालिकांच्या व्यवसायात कामाचा मोबदला सुमारे तीन महिन्यांनी देण्याची प्रथा रूढ झाली आहे. या व्यवसायाकडे वळणाऱ्या तरुणांनी पडद्यावरील झगमगाटाबरोबर ही बाजूही ध्यानी घ्यावी.

दृश्य घेण्याचे शास्त्र

कॅमेरा सुरू करणे म्हणजे चित्रण करणे नव्हे. बल्बचा प्रकाश पिवळसर, तर दिवसाचा निळसर असतो. तंत्राच्या परिभाषेत त्यांचे वर्णतापमान अनुक्रमे सुमारे ३,२०० व ५,६०० केल्विन मानले जाते. आपला डोळा हा फरक आपोआप जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र पांढरा कागद दाखवून पांढरा रंग कोणता, हे सांगावे लागते. अधिकारी खिडकीकडे पाठ करून बसले तर त्यांचा चेहरा काळवंडतो, आणि छताचा पंखा सुरू राहिला तर त्याची घरघर आवाजात मिसळते. कॅमेरामन खुर्ची हलवावयास किंवा पंखा बंद करावयास सांगतो, त्यामागे हेच कारण असते.

दोन व्यक्तींच्या संभाषणाचे चित्रण करताना त्यांच्यामधील काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूस राहावे लागते. ती रेषा ओलांडल्यास दोघे एकमेकांकडे न पाहता एकाच दिशेने पाहत असल्याचा भास होतो. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर धरावे, म्हणजे संकलकास ते वापरता येते, हा नवशिक्यास दिला जाणारा पहिला धडा होय. पावसाळ्यात वातानुकूलित वाहनातून बाहेर पडताच भिंगावर बाष्प साचते. ते निवळेपर्यंत थांबण्याखेरीज उपाय नसतो.

चौकट आणि सत्य

तथापि तंत्रापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे निवड. कॅमेऱ्याच्या चौकटीत जे येते ते प्रेक्षकास सत्य वाटते. जे बाहेर राहते ते जणू घडलेच नाही असे होते.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांची सुखरूप सुटका करण्यात आली. आकाशातून घेतलेल्या दृश्यांत चोहीकडे पसरलेले पाणी व त्यात उभी असलेली गाडी दिसली, तेव्हा संकटाची व्याप्ती सर्वांस उमगली. परंतु गाडीतील प्रवाशांच्या नातेवाइकांना वेगळेच जाणून घ्यावयाचे होते : पाणी डब्याच्या कोणत्या उंचीपर्यंत आहे, बोटी पोहोचल्या काय, आपली माणसे उतरत आहेत काय? त्याचे उत्तर जवळच्या दृश्यातच मिळू शकते. दूरचे दृश्य विस्तार सांगते, जवळचे दृश्य माणूस दाखविते. केवळ भेदरलेला एक चेहरा दाखविला तर घबराट पसरते, केवळ दूरचे दृश्य दाखविले तर वेदना दिसत नाही. दोहोंचा मेळ घालणे हेच कॅमेरामनचे कर्तव्य होय.

दुसरे उदाहरण पाण्याचेच, पण टंचाईचे. मुंबईस पाणी पुरविणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील काही पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. समजा, एका पाड्यावरील विहिरीभोवतीची गर्दी चित्रित केली. पण शेजारच्या वस्तीत नळयोजना नीट चालू असल्याचे चौकटीबाहेर राहिले, तर प्रशासनावर अन्याय होतो. उलट, उद्घाटनाच्या दिवशी वाहणारा नळ तेवढा दाखविला आणि दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडला, तर ग्रामस्थांवर अन्याय होतो. म्हणून पंचायत सदस्यांनी कॅमेरामनला केवळ सोयीचे ठिकाण न दाखविता योजनेची विहीर, टाकी व शेवटचा नळ ही तिन्ही स्थळे दाखवावीत.

कायद्याच्या मर्यादा व संरक्षण

नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणाबाबत गंभीर प्रश्न उपस्थित झाले. पुढे २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत सुधारणा होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई करण्यात आली. नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वृत्त मर्यादित ठेवावे लागते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार पीडित बालकाची ओळख उघड करता येत नाही. केवळ चेहरा झाकणे येथे पुरेसे नाही. घर, शाळा किंवा गणवेश यांवरूनही ओळख पटू शकते. शिक्षकांनी शाळेच्या आवारात चित्रणास अनुमती देताना हे कटाक्षाने पाहावे.

दुसरीकडे, कॅमेरामनच्या सुरक्षिततेचाही विचार आवश्यक आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले. अशा ठिकाणी दुसऱ्या स्फोटाचा व विषारी वायूचा धोका असतो. डोळा दृश्यदर्शकाला लागला की पायाखालचे व पाठीमागचे भान राहत नाही. म्हणून सहकाऱ्याने त्याच्या पाठीशी उभे राहण्याचा प्रघात आहे. प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हल्ल्यांना आळा घालणारे विधेयक राज्य विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये संमत केले. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशा शिक्षेची तरतूद आहे.

प्रशिक्षण

पुणे येथील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत या विषयाचे पद्धतशीर शिक्षण मिळते. तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी पदवी व प्रवेश परीक्षा आवश्यक असते. अनेक जण मात्र साहाय्यक म्हणून काम करीत, तारा गुंडाळीत व दिवे उचलीत हा व्यवसाय शिकले आहेत. विद्यार्थ्यांनी घरच्या भ्रमणध्वनीवरही सराव करावा. बाजार, एसटी स्थानक किंवा शेतातील लावणी यांसारखा एखादा विषय दहा स्थिर दृश्यांत सांगण्याचा प्रयत्न केल्यास निरीक्षणशक्ती वाढते.

सहकार्याची अपेक्षा

आपत्तीच्या वेळी अधिकाऱ्यांनी माहिती देण्यासाठी एकच जबाबदार व्यक्ती नेमावी, ठराविक वेळी माहिती द्यावी आणि बचावकार्यास अडथळा होणार नाही पण दृश्य दिसेल, अशी जागा कॅमेरामनसाठी आखून द्यावी. अशी जागा नसली की तो सुरक्षारेषा ओलांडण्याचा प्रयत्न करतो आणि संघर्ष उद्भवतो. त्यानेही रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवावी व दुःखात बुडालेल्या कुटुंबाची अनुमती घेतल्याशिवाय कॅमेरा उचलू नये. दूर गावी बसलेला नागरिक घटनास्थळी जाऊ शकत नाही. त्याच्या वतीने तेथे उभा असतो तो कॅमेरामन. त्याला खरे पाहू देणे आणि त्याने खरे दाखविणे, या दोन्ही जबाबदाऱ्या सारख्याच महत्त्वाच्या आहेत.