लाल यादीत आहे, कायद्यात नाही

'गोगलगायी काय, पायलीचे पन्नास! त्यांना कसला आलाय धोका?' जबलपूरकरांचा हा समज नर्मदेच्या घाटावरून झालेला असतो. हिंदीत ज्यांना घोंघा म्हणतात, त्यांतली बेलामिया बेंगालेन्सिस देशभर सापडते आणि तिला खरोखरच धोका नाही. क्रेम्नोकॉन्कसचे तसे नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान असलेली ही गोगलगाय जगात फक्त सह्याद्रीत, धबधब्यांच्या ओल्या कड्यांवर राहते. तिचे बाकीचे भाऊबंद समुद्रकाठी; त्या कुळातली गोड्या पाण्यात शिरलेली हीच एक. पावसाळ्यात कड्यावरून ओघळणाऱ्या पाण्यात ती शेवाळ खरवडत फिरते. पाणी आटले की खडकाच्या भेगेत शिरून पुढच्या पावसापर्यंत थांबते. धुवांधार धबधब्याचे तुषार कितीही उडोत, तिथे ती सापडायची नाही.

निसर्ग अभ्यासक ब्लॅनफर्डने 1863 मध्ये नोंदवलेली यातली क्रेम्नोकॉन्कस सह्याद्रेन्सिस ही जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत संकटग्रस्त आहे. मग कायद्याचे संरक्षण आपोआप मिळाले असेल? नाही. लाल यादी हे शास्त्रज्ञांचे मूल्यमापन. त्यावरून कुणावर खटला भरता येत नाही. खटला चालतो तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. त्याच्या सूचींत 2001 मध्ये 24 शंख-शिंपले आले, पण सगळे समुद्रातले. त्यांचा बाजार होता, म्हणून ते दिसले असावेत, असे मला वाटते.

केंद्राच्या प्रजाती पुनरुज्जीवन कार्यक्रमाचीही एक यादी आहे. कान्हाचा बारशिंगा आहे, माळढोक आहे, गोगलगाय एकही नाही.

'टाकीत वाढवून सोडा की!' असेही सुचवले जाते. पण वरचा झरा नळाने वळवला किंवा घाटरस्त्यासाठी कडा तासला, तर सोडणार कुठे? इथे पुनरुज्जीवनाची योजना म्हणजे आधी कडे शोधणे, मोजणी करणे आणि पाणी वाहते ठेवणे. असे सर्वेक्षण भारतीय प्राणी सर्वेक्षणाला जमण्यासारखे आहे. त्याची विभागीय केंद्रे पुण्यात आणि जबलपुरातही आहेत.

2022 मध्ये मराठवाड्यात सोयाबीन फस्त करणाऱ्या गोगलगायींशी हिची गल्लत नको. त्या जमिनीवरच्या, ही कड्यावरचे पाणी सोडून शेतात येत नाही.

'कायद्यात नाव नाही म्हणजे काहीच करता येत नाही' हा समज सर्वांत घातक. जैवविविधता कायद्याच्या कलम 37 नुसार राज्य सरकार जागेलाच जैवविविधता वारसास्थळ घोषित करू शकते. आंबोलीत हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचे वर्णन 2020 मध्ये झाले आणि 2021 मध्ये ती जागा वारसास्थळ ठरली. वीतभरही नसलेल्या माशासाठी जे झाले, ते कड्यासाठी का होऊ नये? प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, असे कायदाच सांगतो. घाटमाथ्यावर तुमचे गाव असेल, तर येत्या ग्रामसभेत ती नोंदवही मागा आणि आपला कडा तिच्यात नोंदवून घ्या.