सिगारेटींचा हिशेबनीस

सिगारेटने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, हे आज शाळकरी पोरही सांगेल. पण ते आकड्यांनिशी पटवून देण्यात इंग्लंडच्या रिचर्ड डॉल (१९१२–२००५) या साथरोगतज्ज्ञाची उभी हयात गेली. त्या हयातीतले काही चटकदार किस्से.

बिअरने घडवलेला डॉक्टर! डॉलना खरं तर गणिताकडे जायचं होतं. केंब्रिजच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या आदल्या रात्री कॉलेजची कडक बिअर जरा जास्तच झाली, पेपर बिघडला आणि शिष्यवृत्ती हुकली. मग चिडून स्वारी वडिलांच्या इच्छेप्रमाणे मेडिकलला गेली.

गुरू डॉक्टर नव्हतेच! त्यांचे ज्येष्ठ सहकारी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. क्षयाने अंथरुणाला खिळल्यामुळे हिल यांचं डॉक्टर होणं राहिलं. पडल्या पडल्या त्यांनी टपालाने अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि पुढे ते लंडनमध्ये वैद्यकीय सांख्यिकीचे प्राध्यापक झाले. स्ट्रेप्टोमायसीनची १९४८ मधली गाजलेली चाचणी आखली तीही त्यांनीच, आणि औषध होतं क्षयावरचं!

संशय डांबरावर. इंग्लंड-वेल्समध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने १९२२ मध्ये ६१२ माणसं दगावली होती. १९४७ मध्ये ९,२८७. डॉलना वाटलं, डांबरी रस्ते किंवा मोटारींचा धूर याला कारण असणार. लंडनच्या रुग्णालयांत विचारपूस सुरू झाली. फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे निघाले फक्त २. तेवढ्याच इतर रुग्णांत २७. १९५० मध्ये निष्कर्ष छापून आला, पण डॉलनी सिगारेट त्याआधीच सोडली होती.

आता डॉक्टरांचीच उलटतपासणी. १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ६० हजार डॉक्टरांना प्रश्नावली गेली; ४० हजारांवर उत्तरं आली. डॉक्टरच का? त्यांची अधिकृत नोंदणी असते, त्यामुळे कोण हयात, कोण गेलं, याचा माग वर्षानुवर्षं काढता येतो.

मंत्रिमहोदयांचा धूर. १९५४ मध्ये आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी पत्रकार परिषदेत धूम्रपान आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध मान्य केला. एकामागून एक सिगारेट ओढत!

पाइपवाला विरोधक. संख्याशास्त्राचे दिग्गज रोनाल्ड फिशर यांना मात्र हे पटेना. दोष सिगारेटचा नसून आनुवंशिकतेचा असू शकेल, असा त्यांचा युक्तिवाद. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उद्योगाचे सल्लागारही होते.

मुंबईचा पुरावा. ज्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने डॉल-हिल यांना छापलं, त्यातच १९५५ मध्ये मुंबईच्या संघवी, राव आणि खानोलकर यांचा अभ्यास आला. विषय आपल्याकडचाच: तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंडा-घशाचा कॅन्सर.

एक डाग. डॉल गेल्यानंतर उघड झालं, की मोन्सँटो या रसायन कंपनीकडून ते वर्षानुवर्षं सल्लागार म्हणून मानधन घेत होते. त्यावरून वाद पेटला.

निवृत्ती? छे! १९६९ ते १९७९ ऑक्सफर्डला प्राध्यापकी, मग तिथल्याच नव्या ग्रीन कॉलेजचे पहिले प्रमुख. डॉक्टरांच्या पाहणीचा ५० वर्षांचा ताळेबंद २००४ मध्ये छापला, तेव्हा वय होतं ९१! ताळेबंद सांगतो, की आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी १० वर्षं गमावतो. साठीला सोडली तर ३ वर्षं वाचतात, पन्नाशीला ६, चाळिशीला ९. आणि तिशीलाच सोडली तर? व्याज नाही, पण मुद्दल जवळपास सगळं परत!