स्वयंनिर्णय, स्वायत्तता आणि विलग होण्याचा हक्क : हुणसूरच्या तिबेटी वसाहतीच्या निमित्ताने

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी हुणसूर हे तालुक्याचे ठिकाण आहे. कर्नाटकात ते देवराज अरस यांचा मतदारसंघ म्हणून परिचित आहे. १ नोव्हेंबर १९७३ रोजी ‘म्हैसूर’ राज्याचे ‘कर्नाटक’ असे नामांतर झाले, तेही त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात. याच तालुक्यातील गुरुपुरा येथे १९७० नंतरच्या दशकात ‘रबग्येलिंग’ ही तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. पंधराव्या शतकात तिबेटात स्थापन झालेला ग्युदमेद हा तांत्रिक विद्येचा मठ डलहौसीमार्गे येथे येऊन स्थिरावला. त्याआधीच, १९६० साली, तत्कालीन म्हैसूर राज्य सरकारने शेजारच्या पिरियापट्टण तालुक्यातील बैलकुप्पे येथे तिबेटी लोकांना जमीन दिली होती. येथील शेतकरी मका पिकवतात आणि हिवाळ्यात त्यांतले बरेच जण स्वेटर विकण्यासाठी शहरोशहरी जातात. मराठी वाचकाला हा समाज भेटतो तो बहुधा अशा स्वेटरांच्या दुकानातच. त्या दुकानामागे एका देशाच्या स्वातंत्र्याचा अनिर्णित प्रश्न उभा आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

एखाद्या प्रदेशाला स्वतःचे स्वातंत्र्य घोषित करण्याचा हक्क असावा काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा अमूर्त तत्त्वांच्या पातळीवर होते. तिबेटी भाषेत मात्र या चर्चेतील प्रत्येक भूमिकेला वेगळा शब्द आहे. ‘रांगझेन’ म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य, ‘रांगवांग’ म्हणजे मोकळीक किंवा मुक्तता, तर ‘रांगक्योंग’ म्हणजे स्वायत्तता. तिन्ही शब्दांत आरंभी ‘रांग’ आहे. मराठीतील ‘स्व’ तोच. पुढील अवयव मात्र अनुक्रमे सामर्थ्य, सत्ता आणि सांभाळ या अर्थांचे आहेत. स्वातंत्र्य, स्वराज्य, स्वयंनिर्णय, स्वायत्तता या मराठी शब्दमालिकेशी ही रचना ताडून पाहण्यासारखी आहे. चीनने तिबेटला दिलेल्या ‘स्वायत्त प्रदेश’ या अधिकृत तिबेटी नावातही ‘रांगक्योंग’ हाच शब्द वापरलेला आहे, आणि वाद आहे तो नेमका या शब्दात आशय उरला आहे की नाही याविषयीचा.

तिबेटच्या बाबतीत घोषणा झाली नाही असे नाही. १९१३ मध्ये तेराव्या दलाई लामांनी ती केली, आणि पुढे सुमारे अडतीस वर्षे ल्हासाचे शासन स्वतःचे सैन्य, नाणी व टपाल यांच्यासह चालले. परंतु महासत्तांपैकी कोणीही त्या राज्यास औपचारिक मान्यता दिली नाही. १९१४ च्या सिमला परिषदेत तिबेटचा प्रतिनिधी ब्रिटिश व चिनी प्रतिनिधींच्या बरोबरीने बसला होता. मॅकमहोन रेषेविषयीचा भारताचा दावा त्या प्रतिनिधीच्या स्वाक्षरीवरच उभा आहे. म्हणजे तिबेटला तेव्हा करार करण्याचा अधिकार होता, हे गृहीत धरल्याशिवाय भारताचीही सीमा भक्कम होत नाही. तरीही १९५९ आणि १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तिबेटविषयक ठराव आले तेव्हा भारत तटस्थ राहिला. १९६५ च्या ठरावाला मात्र त्याने पाठिंबा दिला. मधल्या काळात १९६२ चे युद्ध होऊन गेले होते, हे कारण वेगळे सांगावयास नको. तेव्हा घोषणेचा हक्क आणि घोषणा टिकविण्याची शक्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी बव्हंशी इतरांच्या सोयीवर अवलंबून असते.

आंतरराष्ट्रीय कायद्याची स्थितीही काहीशी अशीच दुभंगलेली आहे. कोसोव्होने २००८ मध्ये केलेल्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होत नाही, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये दिले; तथापि विलग होण्याचा हक्क अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्न त्याने हाताळलाच नाही. क्वेबेकविषयी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये अधिक उपयुक्त विवेचन केले. क्वेबेकला एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. परंतु स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाल्यास उर्वरित देशाला वाटाघाटींस बसावे लागेल, असा त्या निर्णयाचा आशय आहे. स्वयंनिर्णय सामान्यतः राज्याच्या अंतर्गत व्यवस्थेतच साधावयाचा असतो, हेही तेथे सांगितले आहे. तो मार्ग जेथे बंद असेल तेथे काय, हा प्रश्न त्या न्यायालयाने पुढे ढकलला, आणि तिबेटचा प्रश्न नेमका तेथेच उभा आहे. एक विसंगती येथे नोंदविली पाहिजे. १९३१ मध्ये चिनी कम्युनिस्टांनी आपल्या ‘सोव्हिएत प्रजासत्ताका’साठी जे संविधान केले, त्यात अल्पसंख्य राष्ट्रीय समाजांचा चीनपासून पूर्णतः विलग होण्याचा हक्क मान्य केला होता. सत्ता हाती आल्यानंतर तो हक्क लोपला.

‘प्रदेश’ म्हणजे कोणता, ही यापुढची अडचण. आजच्या ‘तिबेट स्वायत्त प्रदेशा’त चीनमधील तिबेटींपैकी निम्म्याहून कमी लोक राहतात, खाम व आम्दोचा बराचसा भाग छिंगहाय, सिचुआन, गान्सू व युन्नान या प्रांतांत वाटला गेला आहे. हक्क प्रदेशाला द्यावयाचा, तर कोणत्या सीमेतील? लोकांना द्यावयाचा, तर त्यांच्यात राहणाऱ्या इतरांचे काय? पाकिस्तानच्या मागणीची चिकित्सा करताना डॉ. आंबेडकरांनी १९४० सालीच हा पेच ओळखला होता. प्रांतांच्या प्रचलित सीमा पवित्र मानून निर्णय घेऊ नये, पंजाब व बंगालच्या सीमा पुन्हा आखाव्या लागतील, हे त्यांचे प्रतिपादन स्वयंनिर्णयाच्या तत्त्वातील मूळ दुबळेपणावर बोट ठेवते. तिबेटविषयीही ते उदासीन नव्हते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी नेहरूंच्या चीनविषयक धोरणावर कठोर टीका केली होती.

भारतीय व्यवस्थेने विलग होण्याचा हक्क कोठेही मान्य केलेला नाही. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवारांच्या शपथेत देशाची अखंडता आणली. १९७९ मध्ये मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील होतानाही भारताने स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखालील लोकांपुरताच असल्याचे नमूद केले. मात्र अनुच्छेद ३ मुळे देशांतर्गत सीमा बदलण्याचा दरवाजा उघडा राहिला. हुणसूरच्या पश्चिमेचा कोडगू याचे उदाहरण आहे. १९५६ पर्यंत ते स्वतःची विधानसभा असलेले ‘क’ वर्गाचे राज्य होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात विलीन झाले. कोडवांच्या एका गटाची स्वायत्ततेची मागणी आजही चालू आहे, पण ती राज्यघटनेच्या चौकटीत. बेळगाव सीमाप्रश्नी मराठी भाषकांनी दशकानुदशके केलेला आग्रहही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचा आहे. गोव्यात तर १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांना प्रत्यक्ष विचारले गेले. विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७० आणि वेगळ्या अस्तित्वाच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मते पडली. महाराष्ट्रातील पुष्कळांना तो कौल रुचला नाही. परंतु तो मिळाला, मानला गेला आणि १९८७ मध्ये गोवा घटकराज्य झाले. अनुच्छेद ३ मध्ये राज्याची संमती आवश्यक नाही, ही त्याची मोठी उणीव होय. तरी मागणीला वाट आहे म्हणून ती बहुधा विलगतेपर्यंत जात नाही.

तिबेटी मागणी या उलट दिशेने प्रवास करीत आली आहे. ती आरंभी स्वातंत्र्याची होती. १९८८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे चौदाव्या दलाई लामांनी चीनच्या अंतर्गत स्वशासनाचा प्रस्ताव जाहीरपणे मांडला आणि ‘मध्यम मार्ग’ हे धोरण रूढ झाले. १९९० नंतरच्या दशकात निर्वासितांपुढे सार्वमताची कल्पना आली. स्वातंत्र्य, मध्यम मार्ग, स्वयंनिर्णय आणि सत्याग्रह असे चार पर्याय होते. आलेल्या मतपत्रांपैकी ६४ टक्क्यांहून अधिक लोकांनी सार्वमत नको, मध्यम मार्ग किंवा दलाई लामा ठरवतील ते मान्य, असे कळविले. आपला निर्णयाधिकार एका व्यक्तीच्या हाती सोपविणे हाही स्वयंनिर्णयच मानावयाचा काय, हा प्रश्न राज्यशास्त्रज्ञांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही. स्वतः दलाई लामांनाही तो जाणवला असावा. २०११ मध्ये त्यांनी राजकीय अधिकार सोडून ते निर्वाचित नेतृत्वाकडे दिले. २००८ मध्ये चीनपुढे ठेवलेल्या निवेदनात स्वातंत्र्याची मागणी नव्हती. तरी चीनने ते वेषांतर केलेले स्वातंत्र्य ठरविले, आणि २०१० नंतर औपचारिक वाटाघाटीच थांबल्या. सौम्यातली सौम्य मागणीही फुटीरतेची म्हणून नाकारली जाते तेव्हा ‘रांगझेन’ म्हणणारा तरुण आणि ‘रांगक्योंग’ म्हणणारा वृद्ध यांच्यातील अंतर व्यवहारात पुसले जाते. अशा ठिकाणी विलग होण्याचा हक्क नैतिकदृष्ट्या नाकारणे कठीण आहे. कोडगू, बेळगाव किंवा गोवा यांच्याबाबत तसे म्हणता येणार नाही.

हुणसूरच्या वसाहतीत हा प्रश्न अधिक खाजगी रूपात येतो. २६ जानेवारी १९५० नंतर व १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय नागरिक ठरतात, हे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केले, आणि पुढील वर्षी निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदारयादीत घेण्याचे निर्देश दिले. काहींनी नावे नोंदविली. काहींनी निर्वासिताचे नोंदणीपत्रच जवळ ठेवले. नागरिक झालेला माणूस परत जाण्याचा दावा कोणत्या तोंडाने करणार, असे त्यांना वाटते. धर्मशाळेतील निर्वासित संसदेसाठी मात्र दोघेही मत देऊ शकतात.