घडीची स्कूटर

माझे आजोळ देवासचे. अठराव्या शतकात माळव्यात स्थिरावलेल्या पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे हे गाव. त्यांच्याच भाऊबंदांचे गाव धार. तेथे माझी मावशी दिलेली. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमची फेरी ठरलेली असते : आधी देवास, मग धार. या दोन्ही गावांतल्या मराठी घरांत एक शब्द वारंवार कानावर पडतो, तो म्हणजे 'अपडाउन'. "तो इंदूरला अपडाउन करतो", "लग्न झाल्यावरही ती अपडाउनच करणार का?" असे तेथले बोलणे. अपडाउन करणे म्हणजे राहायचे आपल्या गावी, नोकरी करायची इंदूरला किंवा पीथमपूरला, आणि रोज बसने जायचे-यायचे.

माझी मामेबहीण अशीच अपडाउन करते. आम्ही तिला ताई म्हणतो. देवास ते इंदूर हे अंतर पस्तीस-एक किलोमीटर. रस्ता आग्रा-मुंबई हमरस्ता, बसगाड्या भरपूर. तासाभरात बस तिला इंदूरच्या देवास नाक्यावर उतरवते. खरी अडचण तेथून पुढे सुरू होते. तिची शाळा नाक्यापासून तीन किलोमीटर आत आहे. चालत गेले तर पाऊण तास जातो, आणि रोज रिक्षा करावी तर पगाराचा मोठा वाटा रिक्षावाल्याच्या हाती. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा मामी तिला सांगत होती, "एवढी ओढाताण कशाला? सोडून दे ती नोकरी." ताईला नोकरी सोडायची नव्हती. तिला पस्तीस किलोमीटर जड नव्हते. तीन किलोमीटर जड झाले होते.

रात्री गच्चीवर ती मला म्हणाली, "तू पदार्थविज्ञान शिकतोस ना? मग एवढं सांग. घडी घालून बसमध्ये नेता येईल अशी स्कूटर मिळते म्हणतात. घेऊ का? आणि घेतली तर कोणती घेऊ?"

मी मोठ्या उत्साहाने सल्ला दिला आणि तो चुकला. का चुकला, हे सांगण्यासाठीच हा लेख.

कल्पना जुनीच

घडीची स्कूटर ही आजची कल्पना आहे असे आपणांस वाटते. पण ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये 'ऑटोपेड' नावाची स्कूटर निघाली. तिच्यावर उभे राहून जायचे. हँडलचा दांडा पुढे लोटला की क्लच लागे, मागे ओढला की ब्रेक लागे, आणि उतरल्यावर तोच दांडा दुमडून ठेवता येई. लेडी फ्लॉरेन्स नॉर्मन या मताधिकार चळवळीतल्या बाई १९१६ साली लंडनमध्ये अशा स्कूटरवरून कामावर जात असतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते पाहिले तेव्हा मला ताईचीच आठवण झाली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, इंग्रजांनी 'वेलबाइक' तयार केली. हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी ती होती. हँडल आणि बैठक दुमडली की ती छत्रीला बांधलेल्या नळकांड्यात मावत असे. ९८ सी.सी.चे इंजिन आणि वजन सुमारे ३२ किलो. युद्ध संपल्यावर तिच्यावरूनच 'कॉर्गी' नावाची गाडी सर्वसामान्यांसाठी निघाली आणि १९५४ पर्यंत चालली.

पुढे १९८१ साली जपानच्या होंडा कंपनीने 'मोटोकॉम्पो' आणली. हिची गंमत अशी की, त्याच कंपनीच्या 'सिटी' या छोट्या मोटारीच्या डिकीत ती बसावी असा दोन्हींचा आराखडा एकत्रच केला होता. मोटार गावाबाहेर उभी करायची आणि डिकीतून स्कूटर काढून बाजारात जायचे. आडवी ठेवली तरी पेट्रोल सांडू नये अशी सोय तीत होती. तरीही अवघ्या दोन वर्षांत, १९८३ साली, तिचे उत्पादन थांबले. सगळ्या मिळून त्रेपन्न हजारांच्या आसपास गाड्या खपल्या. कंपनीची अपेक्षा याच्या कितीतरी पट होती. मोटार मात्र चांगली खपली.

धारच्या काकांचा प्रश्न

देवासहून मी धारला गेलो. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, पीथमपूरच्या स्कूटर कारखान्यात जुळणी विभागात होते; आता निवृत्त आहेत. पीथमपूर इंदूरच्या जवळ असले तरी जिल्हा धार. १९८४ साली कायनेटिक आणि होंडा यांची भागीदारी झाली आणि गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी 'कायनेटिक होंडा' याच पीथमपूरला तयार होऊ लागली. १९९८ साली होंडा बाहेर पडली, २००८ साली हा व्यवसाय महिंद्राकडे गेला, आणि २०१८ पासून नव्या 'जावा' मोटारसायकलीही त्याच ठिकाणी बनू लागल्या. आज त्याच पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' ही वाहनांची चाचणीभूमी असून तिची वेगचाचणीची धाव ११.३ किलोमीटर लांबीची आहे.

काकांना मी मोटोकॉम्पोची हकीकत सांगितली व विचारले, "काका, ती का चालली नाही? तुम्ही तर जन्मभर स्कूटरीच जुळवल्यात."

काका म्हणाले, "वजन किती होतं तिचं?"

"बेचाळीस किलोच्या आसपास."

"मग ती उचलणार कोण? अरे, आमच्या कायनेटिकला किंवा त्याआधीच्या लूनाला कोणी उचलत नव्हतं. १९७२ साली लूना आली, तेव्हा ती सायकलीइतकी सुटसुटीत म्हणूनच लोकांनी घेतली. पण तीसुद्धा दाराशी उभी राहायची. गाडी माणसाला वाहते तेव्हा तिचं वजन कोणी विचारत नाही. माणूस गाडीला वाहायला लागला, की एकेक किलो मोजावा लागतो."

काकांच्या या वाक्यात सगळ्या विषयाचे मर्म आहे. घडीच्या स्कूटरला दोन कामे करावी लागतात : रस्त्यावर वाहन व्हायचे आणि उतरल्यावर सामान व्हायचे. ही दोन्ही कामे एकमेकांविरुद्ध आहेत. कशी, ते पाहू.

चाक आणि खड्डा

सामान म्हणून गाडी लहान हवी, म्हणजे चाक लहान हवे. आता समजा, रस्त्यात ५ सेंटिमीटर उंचीची कड आडवी आली. कडेच्या टोकाभोवती मोमेंट घेऊन साधा हिशेब केला आणि टायर कठीण धरला, तर चाक त्या कडेवर चढवण्यास किती आडवे बल लागेल ते काढता येते. सायकलीचे चाक सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचे. त्याला चाकावरील भाराच्या ०.६ पट बल पुरते. नेहमीच्या स्कूटरचे चाक टायरसह सुमारे ४३ सेंटिमीटर, तेथे ०.८३ पट लागते. घडीच्या स्कूटरचे साडेआठ इंची, म्हणजे सुमारे २१.६ सेंटिमीटरचे चाक घेतले तर हेच बल भाराच्या जवळजवळ १.६ पट होते. म्हणजे सायकल ज्या कडेवरून थोड्या धक्क्याने जाते, तेथे लहान चाक अडते आणि स्वार पुढे फेकला जातो. परदेशातल्या गुळगुळीत पदपथावर जे चाक शोभते, ते आपल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर दगा देते.

इंधन आणि बॅटरी

पेट्रोलची गाडी बसमध्ये न्यायची तर वास, गळती आणि आगीचे भय. म्हणून ही कल्पना कित्येक वर्षे अडून राहिली. तिला पुन्हा जीव आला तो लिथियम-आयन बॅटरीमुळे. ही बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लहान विजेची स्कूटर किलोमीटरला साधारण १० ते १५ वॅट-तास ऊर्जा खाते. वीस किलोमीटरसाठी ३०० वॅट-तास धरू. शिशाच्या बॅटरीत किलोमागे ३०-४० वॅट-तास मावतात, म्हणजे आठ-दहा किलो ओझे झाले. लिथियमच्या बॅटरीत हेच काम आवरणासह दोन-अडीच किलोत होते.

याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये विम ओबोटर या गृहस्थांनी पायाने ढकलायच्या घडीच्या स्कूटरला नवे रूप दिले होते. चालत जायला लांब आणि मोटार काढायला जवळ, अशा अंतरासाठी त्यांना वाहन हवे होते. तशाच सांगाड्याला पुढे मोटार आणि लिथियमची बॅटरी जोडली गेली. २०१६ साली शाओमी कंपनीने आणलेली अशी स्कूटर साडेबारा किलोची होती. २०२३ साली होंडाने मोटोकॉम्पोच्या आठवणीने 'मोटोकॉम्पॅक्टो' काढली. ती सुमारे १९ किलोची असून एका चार्जिंगमध्ये १९ किलोमीटर जाते.

अर्थात भय पूर्ण गेलेले नाही. बॅटरीला आग लागल्याच्या प्रकारांनंतर लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत डिसेंबर २०२१ पासून खाजगी विजेच्या स्कूटर नेण्यास मनाई आहे. १६० वॅट-तासांहून मोठी बॅटरी प्रवाशाला विमानातही नेता येत नाही. आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला परवाना व नोंदणी लागत नाही. मात्र मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केलेले असावे लागते. विकत घेताना हे प्रमाणपत्र जरूर पाहावे.

माझी चूक

आता माझ्या सल्ल्याकडे वळतो. ताईला मी सर्वांत जास्त पल्ल्याची गाडी घ्यायला सांगितली. एका चार्जिंगमध्ये चाळीस किलोमीटर, बसायला बैठक, मजबूत सांगाडा. वजन वीस किलो. कागदावर हिशेब झकास होता. पण ताईची रोजची गरज होती जाऊन-येऊन सहा किलोमीटरांची! उरलेल्या चौतीस किलोमीटरांची बॅटरी, ती पेलणारा सांगाडा आणि नको असलेली बैठक हे सगळे मी तिच्या हातात दिले होते.

पहिल्याच दिवशी सकाळच्या गर्दीत तिला वीस किलोची ती घडी बसच्या उंच पायरीवर चढवता येईना. मागून लोक ढकलत होते, पुढून कंडक्टर ओरडत होता. आत ठेवावी तर वाट अडते. डिकीत टाकावी तर उतरताना बस थांबत नाही. आठ दिवसांत तिचा खांदा धरला. नवव्या दिवशी स्कूटर घरी राहिली आणि ताई पुन्हा पायी निघाली. मामी काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे पाहिले ते मला पुरे झाले.

काकांना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "तिला ती गाडी देवासमध्ये लागते का?"

"नाही. घरापासून स्टँड जवळ आहे."

"मग ती देवासहून इंदूरला रोज नेता कशाला?"

खरेच की! गाडी लागत होती फक्त इंदूरच्या बाजूला. ती रोज बरोबर न्यायची, कारण नाक्यावर ती सुरक्षित ठेवायला जागा नव्हती. घडीची स्कूटर म्हणजे आपली ठेवण्याची जागा स्वतःबरोबर घेऊन फिरणारे वाहन. आणि त्या जागेचे भाडे आपण खांद्याने भरतो. जागाच मिळाली तर हे भाडे वाचते.

देवास नाक्याजवळ वह्या-पुस्तकांचे एक दुकान आहे. ताई तेथूनच शाळेच्या वह्या घेते. दुकानदाराशी बोलून, महिन्याला थोडे पैसे ठरवून, तिने स्कूटर त्याच्या दुकानात ठेवायला सुरुवात केली. उभी गाडी तेथे मावली नसती. घडी घातलेली कपाटाशेजारच्या कोपऱ्यात मावते. चार्जिंग ती शाळेत मुख्याध्यापिकांच्या परवानगीने करते. वाटेत शंभर-दीडशे पावले रस्ता उखडलेला आहे. तेवढे ती उतरून चालते, कारण चाकाचा हिशेब मी तिला समजावून दिला आहे. मुसळधार पावसात रिक्षा. उरलेल्या दिवशी तीन किलोमीटर बारा-तेरा मिनिटांत होतात. नोकरी चालू आहे.

तेव्हा मित्रहो, घडीची स्कूटर घेण्याचा विचार असेल तर पल्ला आणि वेग विचारण्याआधी दोन गोष्टी मोजा : ती किती किलोमीटर चालवणार आणि किती पायऱ्या उचलणार. पायऱ्या जास्त असतील तर बारा किलोंच्या वर जाऊ नका. आणि तिसरा प्रश्न स्वतःला विचारा : ती खरोखर बरोबर न्यायला हवी आहे का? रेल्वे स्टेशनाबाहेरच्या सायकल स्टँडवर भरवसा ठेवून आपल्या आधीच्या पिढ्यांनी नोकऱ्या केल्या. तसा एखादा स्टँड प्रत्येक बसनाक्यावर झाला, तर कितीतरी तायांना घडीची स्कूटर न घेताही नोकरी टिकवता येईल.