झाकली मूठ आणि जुनी मोटार

जुनी मोटार विकावयास काढली की घरात एक प्रश्न उभा राहतो : तिचे दोष गिऱ्हाइकास सांगावेत काय? ‘त्याने विचारले नाही, मग आपण कशाला बोला?’ असे समर्थन बहुधा ऐकू येते.

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या १७ व्या कलमाखाली याच प्रश्नाचा विचार घोड्याच्या दाखल्याने केला आहे. लिलावात सदोष घोडा विकताना मालक गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष समजेन,’ असे गिऱ्हाइकाने म्हटल्यावर धरलेले मौन तर बोलण्यासारखेच मानले जाते. फसविण्याच्या हेतूने गंजक्या पत्र्यावर रंग चढविणे किंवा मीटर मागे फिरविणे ही उघड फसवणूकच होय.

आपल्याकडे मोटार पुष्कळदा ओळखीतच जाते. आपल्या शब्दावर विसंबणारा असा मनुष्य त्या कन्येच्याच जागी असतो. शिवाय नादुरुस्त ब्रेकचे मोल रस्त्याने जाणाऱ्या परक्या पोरालाही द्यावे लागते.

म्हणून ज्ञात दोष कागदावर लिहून द्यावेत, दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्यात, त्याच्या मिस्त्रीस गाडी तपासू द्यावी आणि मगच किंमत ठरवावी. चार पैसे कमी येतील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरे. पण मोटारीची मूठ पहिल्याच चढावर उघडते.